उडत्या तबकडीचा पहिला जबाब

‘उडती तबकडी’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे, की तो एका वर्तमानपत्राच्या कचेरीतून निघाला हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. एका साध्या नागरिकाने आकाशात काहीतरी पाहिले, वर्तमानपत्राला सांगितले आणि लष्कर त्याचा जबाब घ्यायला त्याच्या गावी गेले. अमेरिकी लष्कराने पुढे बावीस वर्षे अशा प्रकरणांचा पाठपुरावा केला, त्याची सुरुवात इथून झाली.

तारीख २४ जून १९४७. केनेथ अर्नॉल्ड हा आयडाहो राज्यातल्या बॉइझीचा रहिवासी. आग विझवण्याची साधने विकणे हा त्याचा धंदा आणि गिऱ्हाइकांकडे तो स्वतःच्या छोट्या विमानाने जायचा. त्या दुपारी वॉशिंग्टन राज्यातल्या चेहॅलिसहून याकिमाला निघाला असताना त्याने वाट थोडी वाकडी केली. मरीन दलाचे एक मालवाहू विमान माउंट रेनिअरच्या परिसरात बेपत्ता होते आणि ते शोधणाऱ्याला ५००० डॉलरचे बक्षीस होते. तीनच्या सुमारास त्याच्या विमानावर लख्ख उजेड चमकला. डावीकडे, उत्तरेला, नऊ वस्तू एका ओळीत पर्वतरांगेच्या कडेने दक्षिणेकडे चालल्या होत्या.

यानंतर त्याने जे केले, त्यामुळे हे प्रकरण नुसती ऐकीव गोष्ट राहिले नाही. काचेवरचे प्रतिबिंब तर नाही ना, म्हणून त्याने खिडकी उघडून पाहिले. दूरवर डीसी-४ हे चार इंजिनांचे एक प्रवासी विमान दिसत होते. इंजिनाचे झाकण उघडायचे हत्यार त्याच्या खिशात होते, ते डोळ्यांसमोर धरून त्याने त्या वस्तूंचा आकार डीसी-४शी ताडून पाहिला. समोरच्या घड्याळावर वेळही मोजली. माउंट रेनिअरपासून माउंट अ‍ॅडम्सपर्यंतचे सुमारे ४७ मैल त्या वस्तूंनी १ मिनिट ४२ सेकंदांत कापले. हिशोब ताशी साधारण १७०० मैलांचा निघाला. तो त्याचा त्यालाच पटेना, म्हणून अंतरात सवलत धरून त्याने तो १२०० वर आणला. तेव्हा ध्वनीपेक्षा वेगाने विमान उडवल्याची नोंदच नव्हती. अमेरिकी वैमानिक चक येगरने ते केले त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला. म्हणजे कमी करून सांगितलेला आकडासुद्धा जगातल्या प्रत्येक ज्ञात विमानाच्या पुढचा होता.

दुसऱ्या दिवशी तो ओरेगनमधल्या पेंडल्टनच्या ‘ईस्ट ओरेगोनियन’ या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला. बशी पाण्यावर सपाट फेकली तर जशी टप्पे घेत जाईल, तशा त्या वस्तू जात होत्या, असे त्याने सांगितले. उपमा चालीची होती, आकाराची नव्हे. लष्कराला त्याने जे चित्र काढून दिले त्यात गोल बशी नाही. पुढून गोलसर आणि मागे निमुळता, बुटाच्या टाचेसारखा आकार आहे. पण तारेवरून बातमी देशभर गेली ती ‘बशीसारख्या’ वस्तूंची, आणि मथळ्यांत ‘फ्लाइंग सॉसर’ आले. मराठीने पुढे बशी टाकून तबकडी घेतली. ग्रामोफोनमुळे हा शब्द घरोघरी माहीत होताच.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. पर्ल हार्बरला सहाच वर्षे झाली होती आणि हिरोशिमाला दोन. आदल्या उन्हाळ्यात स्वीडनवरून अज्ञात अग्निबाण जात असल्याच्या बातम्या होत्या आणि संशय रशियावर होता. जर्मनांचे व्ही-२ अग्निबाण अमेरिकेच्या हाती लागले होते, तसे जर्मन शास्त्रज्ञ रशियाच्याही हाती लागले होते. त्यामुळे लष्कराला परग्रहवासीयांची चिंता नव्हती. रशियाकडे आपल्याला माहीत नसलेले काही आहे का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. अर्नॉल्डलाही ही देशाच्या संरक्षणाची बाब वाटत होती. देशाचे रक्षण करणाऱ्यांनी आपली साधी विचारपूसही केली नाही, अशी खंत त्याने लष्कराला दिलेल्या लेखी निवेदनात मांडली. मला हे वाक्य महत्त्वाचे वाटते. प्रसिद्धीला हपापलेला माणूस असे लिहीत नाही.

१२ जुलैला कॅलिफोर्नियातल्या हॅमिल्टन फील्ड या हवाई तळाहून लेफ्टनंट फ्रँक ब्राउन आणि कॅप्टन विल्यम डेव्हिडसन हे दोन गुप्तवार्ता अधिकारी बॉइझीत आले. आकाशात तपासायला काही उरले नव्हते. ना तुकडा, ना छायाचित्र. तपासायचा होता तो माणूस. ब्राउनचा अहवाल त्या दृष्टीने वाचावा. अर्नॉल्डने जे पाहिले म्हणून सांगितले ते त्याने खरोखरच पाहिले, असे आपले वैयक्तिक मत आहे, असे तो नोंदवतो. आणि काहीही न पाहता हा माणूस इतका तपशील रचू शकत असेल, तर तो चुकीच्या धंद्यात आहे, त्याने अंतराळातल्या साहसकथा लिहायला हव्या होत्या, असेही म्हणतो.

अर्नॉल्डचा या दोघांवर चांगलाच विश्वास बसला. महिनाअखेरीस वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमाजवळच्या मॉरी बेटावर तबकडीतून तुकडे पडल्याचा दावा पुढे आला. एका मासिकाच्या संपादकाच्या सांगण्यावरून अर्नॉल्ड तिथे गेला होता. गोंधळल्यावर त्याने याच दोघांना बोलावले. ते आले, तुकडे पाहिले, बनाव असल्याचा त्यांचा कयास झाला आणि ते रात्रीच परत निघाले. १ ऑगस्टच्या पहाटेआधी केल्सो गावाजवळ त्यांच्या बी-२५ विमानाच्या इंजिनाला आग लागली. बरोबरचे दोन सैनिक हवाई छत्रीने वाचले. ब्राउन आणि डेव्हिडसन गेले. ज्यांनी अर्नॉल्डसमोर बसून त्याला पारखले होते, ते दोघेही तीन आठवड्यांच्या आत उरले नाहीत. पुढच्या सगळ्यांनी कागद वाचले.

सुरुवातीला त्या कागदांनाही वजन होते. २३ सप्टेंबरला वायुदलाच्या साहित्य विभागाचे प्रमुख जनरल नेथन ट्वायनिंग यांनी वरिष्ठांना कळवले, की नोंदवले जाणारे काही खरे आहे, भास किंवा कल्पना नाही. त्यावरून जानेवारी १९४८ मध्ये ओहायोतल्या डेटनला अशा नोंदी तपासणारा ‘प्रोजेक्ट साइन’ सुरू झाला. खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन हायनेक सल्लागार म्हणून आले आणि त्यांनी अर्नॉल्डच्या आकड्यांतली विसंगती दाखवली. अर्नॉल्डच्या अंदाजाप्रमाणे पन्नास फुटांची वस्तू वीस-पंचवीस मैलांवर असेल, तर तेवढ्या अंतरावरून ती डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढी दिसेल. मग तिचा आकार नीट कसा कळला? म्हणजे वस्तू जवळ असाव्यात. आणि जवळ असतील तर वेगही साध्या विमानाइतका उतरतो. आक्षेप रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर देता येत नाही. पण अंतराचा अंदाज चुकणे वेगळे आणि माणूस खोटा असणे वेगळे. पुढच्या वर्षांत हा फरक पुसट होत गेला.

१९४९ मध्ये ‘साइन’चे ‘ग्रज’ झाले आणि खुलासा कसाबसा बसवण्याकडे कल वाढला. १९५२ मध्ये कॅप्टन एडवर्ड रपेल्ट यांच्या हाताखाली त्याच तपासाचे नवे रूप म्हणून ‘ब्लू बुक’ आले, तेव्हा काही काळ कामाला पुन्हा शिस्त लागली. पण जानेवारी १९५३ मध्ये सीआयएने बोलावलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने या विषयाभोवतीचे गूढच काढून टाकावे, अशी शिफारस केली. भीती तबकड्यांची नव्हती. लोकांच्या तक्रारींच्या गर्दीत खऱ्या शत्रूची चाहूल हरवेल, ही होती. तेव्हापासून तक्रार करणारा नागरिक साक्षीदार कमी आणि अडचण जास्त ठरू लागला.

कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड काँडन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या नोंदींच्या अभ्यासानंतर १७ डिसेंबर १९६९ ला वायुदलाने ब्लू बुक बंद केले. १९४७ पासूनच्या १२,६१८ नोंदींपैकी ७०१ चा उलगडा झाला नाही, असे शेवटच्या हिशोबात आहे. अर्नॉल्डची नोंद त्या ७०१ मध्ये नाही. तिच्यापुढे खुलासा लिहिला आहे: मृगजळ.