चकचकीत बाजू खाली

उन्हाळा लागला की सोलापुरात एक प्रश्न हमखास कानावर येतो: पत्र्याखाली रॉकवूल लावू की ती चंदेरी बबल शीट? आणि उत्तर ठरलेलं, "दोन्ही सारखंच हो, हीट प्रूफ." सारखं नाही!

रॉकवूल बहुतेकांना माहीत आहे. आपल्या पायाखालचा काळा दगड, बेसाल्ट, १५०० अंशांच्या आसपास वितळवायचा आणि गड्ड्याच्या जत्रेतल्या बुढ्ढीच्या बालांसारखे तंतू काढायचे. उष्णता अडवते ती तंतूंत अडकलेली हवा, चादरीचंच गणित. म्हणून ५० मिमीचा थर दाबून २० वर आणला की पैसे गेले. भिजला तरी गेले. ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा तसाच थर, घ्यावं का, यावर डोकेफोड नको, छताला तेही चालतं. बॉयलरजवळ मात्र रॉकवूलच. तापलेल्या पत्र्याला थर्माकोल चिकटवणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत.

घोळ होतो तो बबल शीटचा. हवेच्या बुडबुड्यांचं प्लास्टिक आणि त्यावर अॅल्युमिनियमची फॉइल, अशी जेमतेम चार मिमीची ती शीट जाडीच्या जोरावर काय अडवणार? तिचं काम वेगळं. तापलेला पत्रा खाली धग फेकतो, आणि स्वच्छ अॅल्युमिनियम त्यातली ९५ टक्क्यांच्या आसपास परतवतं. स्वतः तापलं तरी खाली फारच थोडी फेकतं. पण हे सगळं मधे मोकळी हवा असेल तरच. दोन्ही बाजूंनी चिकटली की चकाकीचा उपयोग शून्य.

आमच्या अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये सुतारानं शीट पत्रा आणि प्लायच्या मधे चेपून बसवली. दुपारी प्लायला हात लावला तर इस्त्रीच! मग प्लाय इंचभर खाली घेतला. शीट तीच, पत्रा तोच, पण डोक्यावरची धग गेली.

दुसरा हट्ट, "चकचकीत बाजू वर, ऊन वर आहे ना!" कोरी असताना कशीही लावा, फरक नाही. पण वरच्या बाजूवर शेडमधल्या लूमवरून (यंत्रमागावरून) उडणारा कापूस आणि धूळ बसते, आणि माखलेली फॉइल साध्या पत्र्यासारखीच वागते. खालच्या बाजूवर धूळ ठरत नाही. एकाच बाजूला फॉइल असेल तर ती खाली, आणि तिच्याखाली हवा मोकळी.

एसीची खोली असेल तर मी बबल शीटकडे बघणारही नाही. ५० मिमी, ४८ डेन्सिटीचं (घनमीटरला ४८ किलो) फॉइलवालं रॉकवूल, फॉइल खाली, आधाराला कोंबडीजाळी. बसवताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि तोंडाला मास्क लावा. मी बनियनवर वर चढलो होतो, दोन दिवस खाजवत होतो.