स्व-संकल्पना : व्यक्तिवादी व समूहवादी

‘मी’ म्हणताना माणूस स्वतःची सीमा कोठे आखतो, यावरून मानसशास्त्र व मानवशास्त्र यांत केलेले द्विविध वर्गीकरण. व्यक्तिवादी कल्पनेत ‘स्व’ हा स्वयंपूर्ण, आपल्या गुणांनी व निवडींनी ओळखला जाणारा मानतात. समूहवादी कल्पनेत तो कुटुंब, जात, गाव, कचेरी यांतील नात्यांनी घडतो. मानसशास्त्रज्ञ हेझल मार्कस व शिनोबू कितायामा यांनी १९९१ मध्ये यांनाच स्वतंत्र ‘स्व’ व परस्परावलंबी ‘स्व’ अशी नावे दिली. सामुदायिक मालकीचा राजकीय सिद्धांत या अर्थाचा समूहवाद येथे अभिप्रेत नाही.

व्यक्तिवाद या अर्थाचा फ्रेंच शब्द १८२० च्या दशकात, प्रथम बहुधा निंदाव्यंजक म्हणून, पुढे आला. फ्रेंच विचारवंत तॉकव्हीलने १८४० मध्ये तो स्वार्थाहून वेगळा काढला : नागरिक व्यापक समाजाकडे पाठ फिरवून घरच्यांच्या व मित्रांच्या वर्तुळात राहतो, तो व्यक्तिवाद. घरच्यांत रमणारा हाच माणूस ‘स्व’ मोजणाऱ्या आजच्या प्रश्नावल्यांत समूहवादी ठरण्याचा संभव आहे. शब्दाआधीची कल्पना किती जुनी, याविषयी एकमत नाही. स्विस इतिहासकार बुर्कहार्टने (१८६०) तिचा उगम प्रबोधनकालीन इटलीत मानला. कॉलिन मॉरिस (१९७२) तो सुमारे १०५० ते १२०० या काळात मागे नेतात, तर ॲलन मॅक्फार्लेन (१९७८) यांच्या मते इंग्लंडात निदान तेराव्या शतकापासून जमीन कुटुंबाची नसून व्यक्तीची होती व ती घराबाहेर विकली जाई. मात्र जमीन एकट्याच्या नावावर असणे आणि स्वतःला एकटा समजणे या भिन्न गोष्टी होत. आत्मकथने, पापकबुली व व्यक्तिचित्रे यांवर आधारलेले मॉरिस यांचे मत मूळ प्रश्नाला अधिक जवळचे वाटते.

मोजमापाचे प्रयत्न नंतरचे. खेर्ट होफ्स्टेड यांनी आयबीएम या कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून १९८० मध्ये व्यक्तिवादाचा देशवार निर्देशांक मांडला. त्यात अमेरिकेला ९१, भारताला ४८ व जपानला ४६ गुण आहेत. म्हणजे भारत दुसऱ्या टोकाला नसून मध्याजवळ येतो. ‘मी कोण?’ याची वीस उत्तरे लिहावयाच्या चाचणीत (कून व मॅकपार्टलँड, १९५४) अमेरिकन विद्यार्थी स्वभावगुण अधिक लिहितात, जपानी कमी. परंतु ‘घरी मी कसा?’ असा प्रसंग बांधून दिला, की जपानी विद्यार्थीही स्वभावगुण सहज लिहितात, असे कझिन्स यांना १९८९ मध्ये आढळले. डॅफ्ना ऑयसरमन व सहकाऱ्यांच्या २००२ मधील एकत्रित विश्लेषणात तर जपानी व कोरियन लोक अमेरिकनांपेक्षा अधिक समूहवादी दिसले नाहीत.

भारताबाबतचा वाद मुख्यतः मानवशास्त्रज्ञांचा. लुई द्यूमाँ यांच्या मते जातिसमाजात खऱ्या अर्थाने ‘व्यक्ती’ असतो तो संन्यासी. इतर सर्व नात्यांनी बांधलेले. मकिम मॅरियट यांनी १९७६ मध्ये याहून पुढे जाऊन ‘विभाज्य’ माणसाची कल्पना मांडली. शिजवलेले अन्न, पाणी, रक्त, दान यांबरोबर देणाऱ्याचा अंश घेणाऱ्यात जातो, म्हणून कोणाच्या हातचे खावे हा प्रश्न माणूस कशाचा बनला आहे याचा प्रश्न ठरतो. पक्क्या (म्हणजे तुपात तळलेल्या) अन्नापेक्षा कच्च्या (म्हणजे पाण्यात शिजवलेल्या) अन्नाचे नियम कडक का, हे या मांडणीत चांगले उलगडते. पंक्तीबाहेर बसवला गेलेला माणूस स्वतःविषयी काय समजतो, हे मात्र तीत येत नाही. मॅटिसन माइन्स यांनी तमिळ लोकांच्या जीवनकथांवरून (१९८८) दाखवले, की कर्तव्याची भाषा बोलणारे लोकही उतारवयात स्वतःचे निर्णय, बंड व पश्चात्ताप स्पष्ट सांगतात. आदर्श आणि अनुभव यांतील हा भेद अधिक ग्राह्य दिसतो. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत, मसुद्याने खेडे टाकून व्यक्ती हे एकक स्वीकारले याबद्दल समाधान व्यक्त केले. प्राप्तिकर कायद्यात मात्र अविभक्त हिंदू कुटुंब हे आजही स्वतंत्र करदाते एकक आहे.

मराठीतील ‘व्यक्ती’ या शब्दाच्या मुळाशी ‘प्रकट होणे’ हा अर्थ आहे. इंग्रजी प्रतिशब्दाच्या लॅटिन मुळातील ‘अविभाज्य’ हा अर्थ त्यात नाही. लग्नपत्रिका ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ अशी सुरू होते व निमंत्रक ‘आम्ही’ असतो, वधूवर नव्हेत. ‘आपण’ हा शब्द तर आत्मन् यापासून प्राकृत अप्पाणद्वारा आलेला मानतात. ‘आपण जाऊ’ यात तो ऐकणाऱ्यालाही सामावतो, ‘आपण बसावे’ यात समोरच्याचा मान राखतो आणि ‘त्याने आपण होऊन सांगितले’ यात केवळ स्वतःकडे वळतो. यावरून मराठी मनाविषयी निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण आम्ही-आपण हा भेद तमिळ व तेलुगूतही आहे. शेजारच्या प्रमाण हिंदीत नाही आणि समूहवादाचे ठरीव उदाहरण म्हणून दिल्या जाणाऱ्या जपानीच्या व्याकरणातही नाही.