डोलकाठीवर चढणे (शिडाच्या नौकेवरील दुरुस्ती)

शिडाच्या नौकेचा दिवा, वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र, रेडिओची अँटेना आणि शीड वर ओढणाऱ्या दोराची कप्पी हे सगळे डोलकाठीच्या शेंड्यावर असते. त्यातले काही बिघडले की माणसाला वर जावे लागते. कोकणातल्या जुन्या गलबतांवर परभाण, म्हणजे शीड बांधलेला तिरपा वासा, शिडासकट खाली उतरवता येई, त्यामुळे शिडाचे बरेचसे काम खालीच होई. आधुनिक नौकेची डोलकाठी मात्र उंच, गुळगुळीत आणि जागच्या जागी पक्की असते.

चढणारा ‘बोसन चेअर’ या कापडी किंवा फळीच्या झोपाळ्यात, अथवा गिर्यारोहणाच्या हार्नेसमध्ये बसतो. शीड चढवण्याचाच दोर, म्हणजे हॅलयार्ड, त्याला वर नेतो. दोर दोन हवेत: एक वजन पेलायला, दुसरा पहिला दगा दिला तर. दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांवरून आलेले असावेत. एकाच कप्पीवर विसंबलेले दोन दोर म्हणजे खरे तर एकच दोर. दोराच्या टोकाला शीड अडकवायची झटपट उघडणारी कडी असते. ती नको, कारण घासली गेली की ती उघडू शकते. दोर थेट बोलाइन या न सरकणाऱ्या फासाच्या गाठीने बांधावा. मग डेकपासून हातभर वर लटकून दोन-चार हिसके द्यावेत. काही सुटायचेच असेल तर इथे सुटू दे.

कौशल्य वर चढणाऱ्याचे वाटते, पण निम्मे काम खालच्या माणसाचे असते. तो विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरत्या ड्रमवर, दोराचे तीन-चार वेढे ठेवून हाताने ओढतो आणि दुसऱ्या दोराची ढील सतत काढत राहतो. विजेवरची विंच अशा वेळी टाळलेलीच बरी: दोर कशात अडकला तरी ती ओढतच राहते, हाताला मात्र अडथळा लगेच कळतो. उतरवताना सगळे वेढे कायम ठेवून तळवा ड्रमवर दाबत दोर इंचाइंचाने सोडतात. वर काम चालू असताना खाली कोणी उभे राहत नाही. पाना-पक्कड दोरीने बांधलेली असली तरी.

समुद्रात डोलकाठी नावाला जागते. नौका दोन्ही बाजूंना 10-10 अंश कलंडली, तर 15 मीटर उंचीवरचा माणूस 5 मीटरहून अधिक रुंदीत झुलतो. म्हणून अंगाभोवतीचा एक पट्टा काठीलाही वेढतात, नाहीतर माणूस दूर फेकला जाऊन परत काठीवर आदळतो. हेल्मेट हवेच. बंदरात थांबता येत असेल तर थांबावे.

एकट्या नाविकाला खाली माणूस नसतो. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये मुंबईहून निघून कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, या नौकेची डोलकाठी सुमारे 25 मीटर उंच. असा एकटा चढणारा दोर दोन्ही टोकांना ताणून बांधतो आणि त्यावर गिर्यारोहकांची दोन पकड-साधने आळीपाळीने सरकवत वर जातो. उतरताना वजन पुन्हा एका साधनावरून दुसऱ्यावर न्यावे लागते, तेही दमलेल्या हातांनी.