गिरिमल्लिका ऊर्फ आपला कुडा

जून लागला की डहाणू लोकलनं उतरलेल्या आदिवासी बायका बोरिवली स्टेशनबाहेर गोणपाट पसरून बसतात. शेवळं, कोवळे बांबूचे कोंब, आणि पळसाच्या पानावर पांढऱ्या फुलांचा एक ढीग. मागच्या वर्षी माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईंनी फूल नाकाशी धरून विचारलं, ‘‘मोगरा का गं हा?’’ उत्तर आलं, ‘‘कुडा हाय ताई. उकडून पिळायचा, भाजी होते.’’

त्या बाईंचं फारसं चुकलं नव्हतं. कुड्याचं एक जुनं संस्कृत नाव गिरिमल्लिका आहे, म्हणजे डोंगरावरचा मोगराच. अमरकोशात ते ‘कुटज’ आणि ‘वत्सक’ यांच्या शेजारी येतं. कूट म्हणजे शिखर, तिथं जन्मलेला तो कुटज, अशी नावाची फोड करतात. ‘मेघदूता’तल्या रामगिरीवरच्या यक्षानं आषाढातल्या मेघाला अर्घ्य दिलं ते कुटजाच्या ताज्या फुलांचं. कालिदासानं हे फूल उगाच निवडलेलं नाही. पावसाच्या तोंडावर डोंगरउतारावर ओंजळभर मिळेल असं सुवासिक फूल हेच. सह्याद्रीत एप्रिलपासून जुलैपर्यंत कुडा फुलतो, कान्हेरीच्या डोंगरातही. पाच पाकळ्या, खाली बारीक नळी, आणि जाईचा असावा तसा पण थोडा सौम्य वास. देठ मोडला की बोटाला पांढरा चीक लागतो.

एवढं असूनही कुड्याचा पुढचा इतिहास फुलाचा नाही, सालीचा आहे. घरोघरी हगवणीवर कुड्याची साल ताकात उगाळून देत. आमच्या आजीच्या फडताळात तिचा तुकडा असायचाच. तो इतका कडू की पोटदुखी लपवण्याकडेच आम्हा पोरांचा कल असे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वत्सकावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात कुटजाचे दोन प्रकार सांगितलेत: मोठ्या फळांचा, पांढऱ्या फुलांचा तो पुरुष आणि तांबूस फुलांची, लहान फळांची ती स्त्री. बियांना इंद्रजव म्हणतात. रामाच्या सैन्यातल्या मेलेल्या वानरांवर इंद्रानं अमृत शिंपडलं, त्याचे थेंब जमिनीवर पडून कुडा उगवला, ही कथा याच नावाला चिकटलेली.

पोर्तुगीजांनीही साल उचलली. गार्सिया द ओर्ता या वैद्यानं १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूपी ग्रंथात हगवणीवरच्या ‘मलबारी वनस्पती’ची चर्चा केली आहे. ती कुडा असल्याचं अभ्यासक मानतात. याच ओर्ताकडे मुंबई बेट खंडानं होतं, त्यामुळे त्याचं नाव मुंबईकरांना अगदीच परकं नाही. पुढे ही साल मलबार किनाऱ्यावरच्या तेलीचेरी बंदराच्या नावानं युरोपात विकायला गेली आणि तिथंच घोळ झाला. काळा कुडा हे दिसायला जवळचं, पण वेगळं झाड. त्याची साल पांढऱ्या, म्हणजे आपल्या कुड्याच्या नावावर खपू लागली, गुण येईना, आणि तिकडच्या वैद्यांचा विश्वास उडाला. आपल्याकडे मात्र बाजारातही कडू इंद्रजव आणि गोड इंद्रजव असा फरक होताच: कडू तो पांढऱ्या कुड्याचा, गोड तो काळ्याचा. बी चावून पाहिलं असतं तर एवढं रामायण टळलं असतं!

सालीतलं कडू द्रव्य वेगळं काढलं ते मुंबईतल्या हेन्स नावाच्या रसायनतज्ज्ञानं, १८५८ साली. त्याला आज कोनेसिन म्हणतात. कुटजारिष्ट आणि कुटजघनवटी आजही औषधाच्या दुकानात मिळतात. फुलझाड म्हणून कुडा मागा, नर्सरीवाला अनंत नाहीतर कुंती पुढे करतो.

तेव्हा बी आपणच मिळवायचं. नॅशनल पार्कातून काहीही उचलायचं नाही. गावाकडच्या बांधावर, परवानगीनं. शेंगा जोडीनं लोंबतात, वीतभर ते हातभर लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक. थंडी सरता सरता त्या तपकिरी होतात आणि उन्हानं तडकतात. प्रत्येक बीच्या टोकाला रेशमी झुबका असतो आणि बी वाऱ्यावर उडून जातं, त्यामुळे तडकण्याआधीच शेंगेला दोन ठिकाणी दोरा बांधावा. बी रात्रभर पाण्यात भिजवून मे महिन्यात पिशवीत लावलं की पावसाळ्यात रोप धरतं. त्याला ऊन हवं आणि पाण्याचा निचरा हवा. तळाशी विटांचे तुकडे, वर लाल माती आणि थोडं शेणखत. कुंडी मोठी घ्या, कारण मुळं लांब जातात. सोसायटीच्या आवारात जागा असेल तर थेट जमिनीतच लावा. तोडला तरी बुंध्यातून पुन्हा फुटतो. हिवाळ्यात सगळी पानं गळली म्हणजे झाड मेलं असं समजून उपटू नका. आमच्या वॉचमननं एक असंच उपटलं.

दुसरं रोप आता खिडकीच्या ग्रिलपर्यंत आलंय, फूल अजून नाही. यंदा गावाहून आणलेल्या शेंगांपैकी एकीला दोरा बांधायचा राहिला, आणि दुपारी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी हाक मारली, ‘‘अहो, आमच्या वाळत घातलेल्या साडीवर हा कसला कापूस?’’