वायुवेगमापक

वाऱ्याचा वेग मोजणारे उपकरण. वातकुक्कुट वाऱ्याची दिशा दाखवतो. वेगासाठी वेगळे यंत्र लागते. वारा दुसऱ्या एखाद्या वस्तूवर काय परिणाम करतो ते मोजायचे आणि त्यावरून वेग काढायचा, अशी या यंत्रांची रीत आहे. त्यामुळे परिणामावरून वेग काढण्याचे गणित बरोबर आहे का, हा प्रश्न त्यांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उभा राहिला.

इटलीतील वास्तुविशारद लिओन बात्तिस्ता आल्बेर्ती यांनी १४५० च्या सुमारास टांगत्या पट्टीचे यंत्र सुचवले. वाऱ्याच्या रेट्याने पट्टी किती वर उचलली जाते, ते खुणांवरून वाचायचे. सतराव्या शतकात रॉबर्ट हुक यांनी इंग्लंडमध्ये याच धर्तीचे यंत्र मांडले. १७७५ मध्ये जेम्स लिंड यांनी 'यू' आकाराच्या नळीत द्रव भरून तिचे एक तोंड वाऱ्याकडे केले आणि दोन्ही बाजूंच्या पातळ्यांमधला फरक मोजला. दाब मोजणाऱ्या यंत्रांची एक मोठी अडचण आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, मंद वाऱ्यात मात्र द्रव जेमतेम हलतो.

आज सर्वांच्या ओळखीचे असलेले वाट्यांचे यंत्र १८४६ मध्ये आले. आयर्लंडमधील आर्मा वेधशाळेचे संचालक टॉमस रॉम्नी रॉबिन्सन यांनी उभ्या दांड्यावर चार आडवे हात बसवून त्यांच्या टोकांना अर्धगोल वाट्या लावल्या. वाटीच्या पोकळ बाजूवर वाऱ्याचा जोर जास्त आणि फुगीर बाजूवर कमी बसतो, म्हणून वारा कुठूनही आला तरी यंत्र एकाच दिशेने फिरते. रचना इतकी साधी आणि भक्कम की तिचा प्रसार झपाट्याने झाला. पण तिच्याबरोबर एक चूकही पसरली. वाट्या वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरतात आणि वाटीचा आकार किंवा हाताची लांबी बदलली तरी हे प्रमाण तेच राहते, असे रॉबिन्सन मानत. प्रत्यक्षात वाट्यांच्या वेगाला ज्याने गुणून वाऱ्याचा वेग काढतात, तो गुणक यंत्रागणिक बदलतो. साधारण दोनपासून तीनच्या थोडा पुढेपर्यंत तो काहीही असू शकतो. सरसकट तीनने गुणल्यामुळे त्या काळच्या अनेक वादळांचे वेग फुगवून नोंदले गेले.

ही चूक उघड होण्यामागे एका दुर्घटनेचा वाटा आहे. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री स्कॉटलंडमधील टे नदीवरचा पूल आगगाडीसह कोसळला. वाऱ्याचा पुलावर नेमका किती भार येतो, हे खात्रीने सांगता येत नव्हते. पुढे विल्यम हेन्री डाइन्स यांनी फिरत्या लांब दांड्याच्या टोकाला यंत्रे बसवून ती तपासली आणि १८९२ मध्ये दाबनळीचे वायुवेगमापक तयार केले. त्यातला तरंगता भाग आतून असा घडवला होता, की वर्गाचे गणित आपोआप सुटून तो वेगाच्या थेट प्रमाणात वर चढे. या विषयातली ही सर्वांत देखणी कल्पना म्हणावी लागेल.

१९२६ मध्ये कॅनडाचे जॉन पॅटरसन यांनी तीन वाट्यांचे यंत्र केले. ते झोताला लवकर प्रतिसाद देते. तरी वाट्या जितक्या चटकन वेग घेतात तितक्या चटकन मंदावत नाहीत, म्हणून झोतांच्या वाऱ्यात सरासरी थोडी जास्त येते. ध्वनिलहरींच्या यंत्रात फिरणारा भागच नसतो. दोन टोकांमधून उलटसुलट जाणाऱ्या ध्वनीला किती वेळ लागतो, त्या फरकावरून वेग निघतो.

भारतात या कामाचे पुण्याशी जवळचे नाते आहे. १९४८ मध्ये हवामान खात्याच्या पुणे कार्यालयात रुजू झालेल्या ॲना मणी यांनी सुमारे शंभर हवामान उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. देशातल्या पवनऊर्जेच्या सर्वेक्षणाचे मोठे श्रेयही त्यांनाच जाते. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे, चाळकेवाडीसारख्या पठारांवर पवनचक्क्या उभारताना हेच मोजमाप कसाला लागते. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दहा टक्के जास्त धरला, तर ऊर्जेचा अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी फुगतो.