इंडियाना शालेय बास्केटबॉल विजेतेपद स्पर्धा (मुलांची)

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील माध्यमिक शाळांच्या मुलांच्या संघांसाठी हिवाळ्याच्या अखेरीस भरणारी, बाद पद्धतीने खेळली जाणारी राज्यस्तरीय स्पर्धा. प्रारंभ १९११. इंडियाना हायस्कूल ॲथलेटिक असोसिएशन (स्थापना १९०३) ही संस्था तिचे संचालन करते. सेक्शनल (स्थानिक फेरी), रीजनल (विभागीय फेरी), सेमी-स्टेट (राज्य अंतिम फेरीच्या आधीची फेरी) आणि राज्य अंतिम फेरी हे तिचे रूढ टप्पे होत.

राज्यात हा खेळ केव्हा आला, याविषयी मतभेद आहेत. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे खेळ तयार केला, हे निर्विवाद आहे. प्रचलित हकीकत अशी की, पाद्री निकोलस मके यांनी तो क्रॉफर्ड्सव्हिल येथील वायएमसीए (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) या संस्थेत आणला, लोहाराकडून कड्या करवून त्यांना कॉफीची पोती टांगली आणि १६ मार्च १८९४ रोजी लाफयेटच्या संघाशी सामना झाला. मॅसॅच्युसेट्सबाहेरचा हा पहिला सामना होता, असेही सांगितले जाते. हा दावा ग्राह्य धरता येत नाही. कारण नेस्मिथ यांचे नियम जानेवारी १८९२ मध्येच छापले गेले होते आणि वायएमसीएच्या शाखांमधून खेळ वेगाने पसरत होता. राज्यातच एव्हान्सव्हिल येथे तो १८९४ पूर्वी खेळला गेल्याचे अलीकडच्या संशोधकांनी वृत्तपत्रांच्या आधारे दाखवले आहे. त्यामुळे १८९४ चा सामना हा फार तर राज्यातील आरंभीच्या आंतर-नगर सामन्यांपैकी एक मानावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. स्थानिक अभिमान अर्थातच जुन्या हकीकतीच्या बाजूने आहे.

१९११ ची स्पर्धा ब्लूमिंग्टन येथे इंडियाना विद्यापीठाच्या बूस्टर क्लबने (समर्थक मंडळाने) भरवली. क्रॉफर्ड्सव्हिलने लेबननला २४–१७ असे हरवले. त्यानंतर संचालन असोसिएशनकडे आले. विंगेट या खेड्यातील शाळेने १९१३ व १९१४ मध्ये, तर फ्रँकलिनने १९२० ते १९२२ अशी सलग तीन वर्षे विजेतेपद मिळवले. १९२७ च्या विजेत्या मार्टिन्सव्हिल संघात पुढे प्रशिक्षक म्हणून ख्यातनाम झालेले जॉन वुडन होते. १९२८ मध्ये इंडियानापोलिस येथे बांधलेले बटलर फील्डहाउस (आताचे हिंकल फील्डहाउस) हे बंदिस्त क्रीडागृह नंतर दीर्घकाळ अंतिम सामन्यांचे स्थान राहिले.

शाळा लहान असो वा मोठी, सर्वांना एकच स्पर्धा, हे तिचे वैशिष्ट्य होते. १९५४ मध्ये सुमारे १६१ विद्यार्थ्यांच्या मायलन शाळेने मन्सी सेंट्रलला ३२–३० असे हरवले. ठरावीक वेळात चेंडू बास्केटकडे टाकण्याचे बंधन घालणारे घड्याळ (शॉट क्लॉक) नसल्याने बॉबी प्लंप याने चौथ्या सत्रात चार मिनिटांहून अधिक काळ चेंडू नुसता हातात धरून ठेवला आणि अखेरच्या क्षणी निर्णायक गुण मिळवले. या विजयाला चमत्कार म्हणण्याची प्रथा आहे. परंतु मायलनने आदल्या वर्षीही अखेरच्या चार संघांत स्थान मिळवले होते.

त्याच वर्षी मायलनने सेमी-स्टेटमध्ये हरवलेला क्रिस्पस ॲटक्सचा संघ ऐतिहासिकदृष्ट्या अधिक महत्त्वाचा म्हटला पाहिजे. इंडियानापोलिसमधील ही शाळा १९२७ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी वेगळी काढण्यात आली होती. कृष्णवर्णीयांच्या शाळांना १९४० च्या दशकाच्या आरंभापर्यंत या स्पर्धेत प्रवेशच नव्हता. प्रशिक्षक रे क्रो आणि खेळाडू ऑस्कर रॉबर्टसन यांच्या ॲटक्सने १९५५ मध्ये गॅरी रूझवेल्टला ९७–७४ असे हरवून विजेतेपद मिळवले. १९५६ मध्ये एकही सामना न गमावता ते राखले.

१९९० च्या अंतिम सामन्याला इंडियानापोलिसच्या हूझियर डोम या बंदिस्त स्टेडियममध्ये ४१,०४६ प्रेक्षक होते. त्या दिवशी डेमन बेली याच्या बेडफोर्ड नॉर्थ लॉरेन्सने कॉनकॉर्डला ६३–६० असे हरवले. १९९७ मध्ये ब्लूमिंग्टन नॉर्थ हा एकत्रित स्पर्धेचा अखेरचा विजेता ठरला. १९९७–९८ च्या हंगामापासून विद्यार्थिसंख्येनुसार शाळांचे चार वर्ग करून प्रत्येकासाठी वेगळी स्पर्धा घेण्यात येऊ लागली. त्यानंतर प्रेक्षकसंख्या घटली. दोष बहुधा या निर्णयाला दिला जातो. तथापि १९५९ च्या शाळा पुनर्रचना कायद्यानंतर खेड्यांतील कित्येक शाळा एकमेकींत विलीन झाल्या होत्या आणि गावोगावचे संघ वर्गवारीच्या कितीतरी आधी नाहीसे झाले होते.