‘हॅम्लेट’ वर्गात येण्याआधी

बी.ए.च्या वर्गात शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ समोर येतं ते प्रस्तावना आणि टिपा जोडलेलं पुस्तक म्हणून. लिहिलं गेलं तेव्हा मात्र ते एका नाटक मंडळीच्या हाती द्यायचं काम होतं. ती मंडळी कुठे आणि कशी प्रयोग करत होती हे ठाऊक असेल, तर संहितेतल्या कितीतरी जागा आपोआप उलगडतात. माझ्या मते अभ्यासाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

१५७२ च्या कायद्यामुळे उमरावाचा आश्रय नसलेले फिरते नट भटक्या-उनाडांत गणले जाऊ लागले. म्हणून मंडळ्या लॉर्ड चेंबरलेन, लॉर्ड ॲडमिरल अशा बड्या सरदारांच्या नावावर चालत. लंडनच्या नगरप्रशासनाला नाटकांची गर्दी नको होती; प्लेगची भीती होती, कामं टाकून येणाऱ्या तरुणांची तक्रार होती. जेम्स बर्बेजने १५७६ मध्ये आपलं ‘द थिएटर’ शहराच्या हद्दीबाहेर, शोरडिचला बांधलं ते यामुळेच. जमीन भाडेपट्ट्याची होती. पट्टा संपल्यावर मालकाशी वाद झाला, तेव्हा १५९८ च्या डिसेंबरात बर्बेजच्या मुलांनी इमारतीची लाकडं उतरवून नेली आणि त्यांतून १५९९ मध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर शेक्सपिअरच्या मंडळीचं नाट्यगृह ‘ग्लोब’ उभं राहिलं.

इथे प्रयोग दुपारी, सूर्यप्रकाशात होत. एक पेनी देऊन आलेले लोक उघड्या चौकात, मंचाच्या तिन्ही बाजूंना उभे राहत. दर्शनी पडदा नव्हता, देखावे जवळजवळ नव्हते. आता ‘हॅम्लेट’चा पहिला प्रवेश वाचून पाहा. पहारेकरी एकमेकांना हटकतात, बाराचे ठोके पडून गेल्याचं सांगतात, थंडीने गारठल्याचं बोलतात. भर दुपारी मध्यरात्र उभी करायची होती आणि हाताशी फक्त शब्द होते. शेवटी हॅम्लेटचं प्रेत चार सरदारांनी उचलून न्यावं, अशी आज्ञा संवादातच आहे. पडदा पाडून नटाला उठवण्याची सोय नसताना मृतांना मंचावरून हलवणं भागच होतं.

स्त्रीभूमिका मुलगे करत. मराठी प्रेक्षकाला यात नवल वाटणार नाही, बालगंधर्व आपल्याला जवळचेच. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधली व्हायोला किंवा ‘ॲज यू लाइक इट’मधली रोझलिंड पुरुषवेश घेते तेव्हा मुलगा मुलगी होऊन पुन्हा मुलगा होतो. हा खेळ समोरच्या प्रेक्षकाला स्पष्ट दिसत होता, पानावर तो सहज निसटतो. नटाला पूर्ण नाटक मिळत नसे. स्वतःची वाक्यं आणि त्याआधीच्या संवादाचे शेवटचे काही शब्द, एवढंच गुंडाळीवर उतरवून दिलं जाई. त्या काळातला नट एडवर्ड ॲलन याची अशी एक गुंडाळी आजही लंडनच्या डलिच कॉलेजात जपलेली आहे.

नाटक मंडळीच्या मालकीचं असे; ते छापण्याची घाई कुणालाच नव्हती. शेक्सपिअर १६१६ मध्ये गेला. त्याच्या सहकारी नटांनी १६२३ मध्ये त्याच्या ३६ नाटकांचा संग्रह, ‘फर्स्ट फोलिओ’, काढला. त्यातली १८ त्याआधी छापलीच गेली नव्हती, ‘मॅकबेथ’ आणि ‘ज्युलियस सीझर’ त्यांतलीच. १६४२ मध्ये पार्लमेंटने नाट्यगृहं बंद केली.

वर्गात ही नाटकं आली ती फार नंतर. ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्याची स्वतंत्र शाखा १८९४ मध्ये सुरू झाली, पण कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात १८३० च्या दशकातच शेक्सपिअर शिकवला जात होता. आपल्याकडेही कॉलेजात शिकलेल्या पिढीने तो मराठीत आणला. आगरकरांचं ‘विकारविलसित’, म्हणजे ‘हॅम्लेट’चं मराठी रूप, १८८३ मध्ये प्रसिद्ध झालं. फर्ग्युसन कॉलेजचे प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी ‘द टेमिंग ऑफ द श्रू’वरून ‘त्राटिका’ लिहिलं. शाहूनगरवासी मंडळीने ही दोन्ही नाटकं रंगमंचावर आणली आणि गणपतराव जोशींचा हॅम्लेट महाराष्ट्रभर गाजला.